‘मेड इन यूएसए’चा शिक्का

आपल्या चळवळीला न पटणाऱ्या गोष्टीशी वाद घालण्याऐवजी तिच्यावर शिक्का मारून मोकळे होण्याची सवय फार जुनी आहे. पूर्वी शिक्के ‘बूर्झ्वा’ आणि ‘प्रतिगामी’ असे असत. आता ते ‘विकृती’ आणि ‘सांस्कृतिक आक्रमण’ असे असतात. शिक्क्यावरची अक्षरे बदलली, तो मारण्यामागचा बौद्धिक आळस तेवढा कायम राहिला. हे आठवण्याचे कारण असे की, कल्याणपलीकडच्या आपल्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत, तरुणांविषयी चर्चा निघाली की ‘डेथ मेटल’ नावाच्या संगीताचा उल्लेख केवळ नाक मुरडण्यासाठी होतो. पाठीवर गिटारची पिशवी, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर हाडे-कवट्या आणि कोणालाही वाचता न येणारी अक्षरे, अशा वेषात लोकलच्या दारात उभी असलेली मुले आपल्या ज्येष्ठ साथींना दिसतात आणि निदान तयार होते. हे साम्राज्यवादी बाजाराचे अपत्य. हे मृत्यूचे आणि हिंसेचे उदात्तीकरण. हे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले. सबब पक्षाने यापासून दूर राहावे, आणि एखाद्या सोसायटीने पोलिसांत तक्रार केलीच तर सोसायटीच्या बाजूने उभे राहावे.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले आणि कान घडले ते भीमसेन व मल्लिकार्जुन यांच्या मैफलींत. डेथ मेटल मला आवडते असा दावा मी करणार नाही. अर्धा तास ऐकल्यावर चहाची निकड भासते. परंतु आपल्याला न आवडणे आणि जनतेच्या हिताविरुद्ध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करण्याचा अधिकार निदान समाजवाद्यांनी स्वतःकडे घेऊ नये. म्हणून हे तिन्ही आरोप तपासून पाहू.

हे संगीत आले कोठून? ‘अमेरिकेतून’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. डेथ मेटल या नावाने ओळखला जाणारा प्रकार १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ‘पझेस्ड’ आणि नंतर फ्लोरिडातील ‘डेथ’ या वाद्यवृंदांनी रूढ केला हे खरे. परंतु ज्या मेटल संगीताची ही शाखा, त्याचे मूळ इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीत आहे. ‘ब्लॅक सॅबाथ’चा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याची बोटे नेमकी तीच होती. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, गिटारला हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे तारांचा ताणच कमी करून सूर खाली उतरवला. त्यातून जो जड, खर्जातला, कुंद नाद निघाला तोच पुढच्या अर्धशतकाच्या मेटल संगीताचा पाया ठरला. त्याच वृंदाचा गायक ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात मजुरी करीत होता. २०२५ च्या ५ जुलैला बर्मिंगहॅममध्ये त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्यात ऑझी गेला; तेव्हा बर्मिंगहॅमचे रस्ते माणसांनी भरून वाहिले ते कोणा उमरावासाठी नव्हे.

कारखान्यातील अपघाताने एका हाताची ठेवण बदलली आणि त्या हाताने संगीताचा सूर बदलला, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गांत सांगण्याजोगी आहे. उत्पादनाच्या साधनांचा संस्कृतीशी असलेला संबंध इतक्या शब्दशः क्वचितच दिसतो.

बर्मिंगहॅमजवळच्याच एका खेड्यात १९८१ साली ‘नेपाम डेथ’ हा वृंद निघाला. १९८७ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीच्या गाण्याचे शीर्षक आहे ‘बहुराष्ट्रीय कंपन्या’. आपल्याकडे बहुराष्ट्रीय कंपन्यांवर ठराव होत होते, तिकडे ही विशीतली पोरे त्यांच्यावर किंचाळत होती. ठरावांचा परिणाम अधिक झाला की किंकाळीचा, याचा निर्णय वाचकांनी करावा. याच ध्वनिमुद्रिकेत एक गाणे केवळ १.३१६ सेकंदांचे आहे आणि गिनेसच्या पुस्तकात जगातील सर्वांत लहान गाणे म्हणून त्याची नोंद झाली. गाण्याकडे पुन्हा यावे लागेल, कारण त्यात अर्थशास्त्र आहे. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट संपण्याच्या सुमारास, १९८४ साली, बेलो होरिझोंते या खाणींच्या प्रदेशातील शहरात ‘सेपुल्तुरा’ हा वृंद जन्मला. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ थडगे. म्हणजे अमेरिकी साम्राज्याचा हा माल म्हणावा, तर त्याचे कारागीर बर्मिंगहॅमचे आणि बेलो होरिझोंतेचे निघतात.

आणि ‘मेड इन यूएसए’ हा शिक्का मारायचाच असेल, तर तो निदान उल्हासनगरात बसून मारू नये. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण केले. त्या माणसांनी बराकीत बसून जे बनवता येईल ते बनवले आणि विकले, आणि आपल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापले. कोणी विचारले तर अर्थ तयार होता: यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! मुंबईच्या मध्यमवर्गाने हा किस्सा फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगितला. मला तो विसाव्या शतकातील भारतीय व्यापारावरचा सर्वांत मार्मिक विनोद वाटतो. परदेशी शिक्क्यापुढे लोटांगण घालणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि त्या शिक्क्याची, अशी दोघांची थट्टा निर्वासिताने एकाच लेबलात केली. परक्याचे घ्यावे, त्याची मोडतोड करावी, त्याच्यावर आपला अर्थ चढवावा आणि वर डोळा मारावा, ही या गावची रीतच आहे. या गावातल्या मुलाने फ्लोरिडाची चाल उचलली तर तो कोणत्या परंपरेचा वारस, हे आपणच ठरवावे.

दुसरा आरोप मृत्यूचा. मुलांनी मरण, सडलेली प्रेते, रोगराई यांच्यावर गाणी का रचावीत? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने आधी आपल्या पट्ट्यात मरण किती स्वस्त आहे हे पाहावे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मेली. हा आकडा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलींच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांवर घासून खाली पडली आणि त्यांतील काही प्राणास मुकली. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर अडुसष्ट किलोमीटरांचे. ते रोज दोनदा दारात उभे राहून कापणाऱ्या मुलाला मृत्यू ही कल्पना आयात करावी लागत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत टँकरने रसायने ओतली गेली आणि उल्हासनगरातील शेकडो माणसांना श्वास घेता न आल्याने रुग्णालयांत न्यावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन कामगार मेले. मे २०२४ मध्ये शेजारच्या डोंबिवलीत रासायनिक कारखान्यातील स्फोटाने दहांहून अधिक जीव घेतले. शके ९८२ च्या शिलालेखाचे, जगभरचे अभ्यासक पाहायला येतात ते अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तिचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे असेल हे सांगता येत नाही. हे सारे सभ्य आहे, आणि एका मुलाने घसा खरवडून मरणाचे नाव घेतले तर ते असभ्य, असा हा न्याय.

अर्थात् भयानक आणि बीभत्स यांना कलेत जागा देण्यासाठी भरताला फ्लोरिडाला जावे लागले नव्हते. नाट्यशास्त्राने जे आठ रस मोजले त्यांत हे दोन्ही आहेत, आणि त्याच पंगतीत हास्यही आहे. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात हाडांचे सापळे कोरले आहेत; गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपाच्या दाढांत माणसांची डोकी चिरडलेली दिसतात आणि ज्ञानेश्वरांनी तो अध्याय मऊ केलेला नाही. नाथांच्या भारुडात भूत अंगात येते, विंचू चावतो, आणि बोंब मारणारा व ऐकणारा दोघेही हसतात. पोतराज भररस्त्यात अंगावर आसूड ओढतो. आपल्या संस्कृतीला हे रस ठाऊक नव्हते असे म्हणणारा, संस्कृती म्हणजे सोसायटीच्या सत्यनारायणाला लागणारी भावगीते समजतो.

मराठी साहित्यातही हा प्रसंग आपण दोनदा अनुभवला आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील ओंगळपणाने सभ्य महाराष्ट्र इतका हादरला की त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले आणि पुढे त्यांच्याच कविता वर्गावर्गांतून शिकवल्या गेल्या. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही ती भाषा परकी होती. त्यांनी ती वस्ती जाऊन पाहिली आणि मग लिहिले. डेथ मेटलची बरोबरी मी ‘गोलपिठा’शी करीत नाही. बरोबरी करतो ती आपल्या प्रतिक्रियेची. आधी जाऊन पाहण्याचे सौजन्य तेंडुलकरांपाशी होते, ते आपल्यापाशी का नसावे?

जाऊन पाहिले तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ही मंडळी विलक्षण विनोदी आहेत. मुंबईत २००३ साली एक वृंद स्थापन झाला, त्याने स्वतःचे नाव ठेवले ‘भयानक मौत’. रामसे बंधूंच्या चित्रपटाच्या जाहिरातीत शोभावे असे हे नाव, आणि त्याखाली वाजवायचे ते अत्यंत कसलेले, गुंतागुंतीचे संगीत. त्याच शहरातील ‘गटस्लिट’ या २००७ सालच्या वृंदाचा बासवादक पगडीधारी शीख. त्यांनी जगातल्या भुताखेतांच्या चिन्हांच्या भाऊगर्दीत आपले चिन्ह म्हणून पगडी घातलेला एक मुखवटाच उभा केला आणि तो युरोपच्या दौऱ्यांवर नेला. ‘स्क्राइब’ने आपल्या ध्वनिमुद्रिकांना नावे दिली ती ‘मार्क ऑफ तेजा’ आणि ‘हेल मोगॅम्बो’. सैतानाची उपासना करायची तर अमरीश पुरींचा सैतान काय वाईट! ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा २००० साली निघालेला वृंद. त्याचा प्रवर्तक साहिल मखिजा एकीकडे मंचावर राक्षसाचा आवाज काढतो, दुसरीकडे स्वयंपाकाचा कार्यक्रम चालवून लोकांना पाककृती शिकवतो, आणि तिसरीकडे त्याने ‘वर्कशॉप’ नावाचा थट्टेखोर वृंद काढून ‘खूनी मुर्गा’ असे नाव ध्वनिमुद्रिकेला दिले. त्याच ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने २०१७ साली दशावतारांवर दहा गाण्यांची मुद्रिका केली. सांस्कृतिक आक्रमण म्हणतात ते हेच असेल, तर आक्रमक कोण आणि आक्रमित कोण याचा खल करण्यास एखादी समितीच नेमावी लागेल.

परदेशातही हाच प्रकार. लिव्हरपूलच्या ‘कार्कस’ या वृंदाने वैद्यकीय ग्रंथांतले शवविच्छेदनाचे शब्द घेऊन अंगावर काटा आणणारी गाणी केली. ती रचणारी मुले शाकाहारी होती. १९९० साली अमेरिकेत ‘जूडस प्रीस्ट’ या वृंदावर खटला झाला, की त्यांच्या गाण्यात दडवलेल्या छुप्या आज्ञांमुळे दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. गायकाने न्यायालयात आपलीच गाणी उलटी वाजवून दाखवली, त्यांतून खुर्ची मोडल्याची तक्रार ऐकू येते असे सिद्ध केले, आणि दावा फेटाळला गेला.

या विनोदाचा गाभा असा की तो स्वतःवर असतो. ‘आमच्या कार्यक्रमाला बारा श्रोते होते, त्यांतले नऊ पुढच्या वृंदाचे वादक आणि दोघे ध्वनियोजक’ हा या वर्तुळातला जुना विनोद आहे. बारावा कोण हे विचारले की उत्तर मिळते, ‘मालकाचा भाऊ, वीज बंद करायला आलेला.’ आपल्या सभांना हा विनोद तंतोतंत लागू पडत असतानाही तो आपल्याला कधी सुचला नाही, ही गोष्ट चिंतनीय आहे. वस्तुतः समाजवाद्यांना हसणे माहीत होते. सेवादलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके उभे राहिले, वसंत बापटांसारखा कवी त्यासाठी राबला, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्यासाठी लिहिले, आणि त्यात हसू होते ते पुढाऱ्यावर, म्हणजे आपल्याच जातकुळीवर. लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ, अमर शेख, गवाणकर यांचे आवाज लाउडस्पीकरशिवाय मैदान ओलांडून जात. त्या काळी कोणी त्यांना ‘कर्कश’ म्हटले नसेल काय? म्हटलेच असणार, फक्त म्हणणारा तेव्हा आपल्या बाजूचा नव्हता.

आता तिसरा आरोप: हे श्रीमंतांचे चोचले. या आरोपात तथ्य आहे. मुंबईतील या वर्तुळाची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे, आणि चांगली गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, दोन पायांनी वाजवायचा ड्रमचा संच यांची किंमत कंत्राटी कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाइतकी होते. परंतु या वस्तुस्थितीवरून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. शिक्षण श्रीमंतांना मिळते म्हणून आपण शिक्षणावर बहिष्कार घालीत नाही. ते सर्वांना मिळावे म्हणून झगडतो. जी वस्तू पैसेवाल्याच्या मुलाला सहज आणि अंबरनाथच्या फिटरच्या मुलाला मोठ्या कष्टाने मिळते, ती दुसऱ्यालाही सुलभ करणे हे आपले काम. पहिल्याच्या हातात आहे म्हणून ती त्याज्य ठरवणे हे नव्हे.

येथे थोडे अर्थशास्त्र सांगणे भाग आहे. १९६६ साली विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातील सिद्धान्त सोपा आहे. कारखान्यात यंत्र येते आणि तासाभरात होणारे उत्पादन वाढते. परंतु चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ घेई, तितकाच आजही घेते. बाकीच्या समाजातील वेतन वाढते, जागेचे भाडे वाढते, पण वादकाची उत्पादकता तिथेच राहते. म्हणून जिवंत कला उत्तरोत्तर महाग होत जाते आणि आधाराशिवाय मरते. वर्गात हा सिद्धान्त शिकवताना मी नेहमी सनई-चौघड्याचे उदाहरण देई. डेथ मेटलचे वादक मात्र या रोगावर इलाज शोधताना दिसतात: एका सेकंदात जितके स्वर कोंबता येतील तितके कोंबायचे. आणि १.३१६ सेकंदांत गाणे संपवणाऱ्या ‘नेपाम डेथ’ने तर बाउमोलला साफ चीत केले, तासाला अडीच हजारांहून अधिक गाणी होतील! दुर्दैवाने भाडे गाण्यागणिक नव्हे, तासागणिक द्यावे लागते.

विनोद बाजूला ठेवू. पाच माणसे तीन-चार महिने तालीम करतात, चाळीस मिनिटे वाजवतात, आणि मिळालेल्या रकमेतून रिक्षाचे पैसे सुटले तर समाधान मानतात. १९८० च्या दशकात ही मंडळी जगभर टपालाने कॅसेटींची देवाणघेवाण करीत; तू मला तुझी पाठव, मी तुला माझी पाठवतो, असा तो बिनपैशाचा व्यवहार होता आणि त्याला ‘भूमिगत’ हे नाव शोभत होते. आता ती जागा ध्वनिसंगीत पुरवणाऱ्या कंपन्यांनी घेतली आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून असा नियम केला की बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळा ऐकले गेले नाही त्याला मानधनाचा पैसाही देऊ नये, ती रक्कम अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे वळवली जाते. लहान शेतकऱ्याचा ऊस वजनकाट्यावर कमी भरला म्हणून तो फुकट घ्यावा आणि त्याचे पैसे बड्या बागायतदाराच्या खात्यात जमा करावेत, तशातलाच हा प्रकार. माल दुकानात ठेवलेला आहे, त्यावर दुकानाची शोभा आणि गिऱ्हाईक टिकून आहे, मालकाला दाम मात्र नाही. शर्विन रोझेन यांनी १९८१ साली ‘सुपरस्टार’च्या अर्थशास्त्राविषयी लिहिले, की तंत्रज्ञानाने बाजार एक झाला की थोड्याशा गुणाधिक्याला प्रचंड मोबदला आणि बाकीच्यांना जवळजवळ काहीच नाही असे होते. त्या वेळी तो बाजाराचा कल होता. आता तो कंपनीच्या करारातील कलम बनला आहे. ज्या साम्राज्यवादी बाजाराविरुद्ध आपण बोलतो, तो असा प्रत्यक्ष कलमात सापडतो. आणि त्याच्या तडाख्यात सापडलेला कारागीर म्हणजे लोकलच्या दारातला तो काळ्या कपड्यातला मुलगा. आपण त्यालाच बाजाराचा दलाल समजत आहोत.

या संगीतात जे गैर आहे त्याचे समर्थन मी करणार नाही. अमेरिकेतील काही वृंदांनी स्त्रीदेहाच्या विटंबनेला गाण्याचा आणि मुखपृष्ठांचा विषय केला; ते थट्टा म्हणूनही क्षम्य नाही, आणि थट्टा नेहमी दुबळ्यावरच का होते हा प्रश्न त्या मुलांना तोंडावर विचारला पाहिजे. नॉर्वेमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘ब्लॅक मेटल’ या भावकीतील काही जणांनी चर्चे जाळली, खून केले, आणि त्यांतल्या एकाने पुढे उघड वंशद्वेषाचा प्रचार केला. पण तोंडावर विचारण्यासाठी समोरासमोर बसावे लागते. पोलिसांत अर्ज देणाऱ्याला वाद घालण्याची संधी मिळत नाही. आणि पोलिसांच्या हाती हा विषय दिल्यावर काय होते याचीही उदाहरणे आहेत. इजिप्तमध्ये जानेवारी १९९७ मध्ये सैतानपूजेच्या आरोपाखाली सुमारे शंभर मेटलप्रेमी तरुणांना पकडण्यात आले. मोरोक्कोत २००३ साली चौदा जणांना शिक्षा झाल्या. इराणात २०१५ साली ‘कन्फेस’ या वृंदाच्या दोघांना अटक झाली आणि अखेर त्यांना नॉर्वेचा आश्रय घ्यावा लागला. या राजवटींच्या पंगतीत आपले नाव लागावे अशी कोणाची इच्छा असेल असे वाटत नाही.

राहिला प्रश्न गोंगाटाचा, आणि हा खरा प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी आहे. आणि वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. हे पंधरा दिवस कोणाच्या वाट्याला जातात हे सांगायला नको. मिरवणुकांतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांनी खिडक्यांची तावदाने थरथरतात, वृद्धांची छाती धडधडते, आणि ‘आवाज फाउंडेशन’ने वर्षानुवर्षे घेतलेली मोजमापे मर्यादेच्या कितीतरी वर जातात. त्या वेळी आपल्यातील किती साथी तक्रार घेऊन ठाण्यावर जातात? पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा डीजे चालतो, कारण त्यामागे सत्ता आहे. चार मुलांचा ड्रम चालत नाही, कारण त्यामागे कोणी नाही. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने एका पिढीला खुले व्यासपीठ दिले होते. या शतकाच्या आरंभी तो परिसर शांतताक्षेत्र ठरला आणि तेथील रॉक संपला. नियम योग्यच होता. जवळ रुग्णालय आहे. पण एक जागा बंद करताना दुसरी जागा देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. परिणामी हे संगीत दारू विकणाऱ्या उपाहारगृहांच्या आश्रयाला गेले, जिथे प्रवेशाचे पैसे फिटरच्या मुलाला परवडत नाहीत आणि कार्यक्रम संपेपर्यंत बदलापूरच्या शेवटच्या गाडीची वेळ झालेली असते.

मुलांना अजीर्ण होईल असा उपदेश देण्यापेक्षा जागा द्यावी. आपल्या पट्ट्यात युनियनच्या कचेऱ्या आहेत, वाचनालये आहेत, एके काळी व्याख्यानमालांनी गजबजलेली आणि आता वर्षातून चार वेळा उघडणारी सभागृहे आहेत. विम्कोची काडेपेटी बंद पडली, अनेक जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर इमले उठले, आणि कामगारांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या कित्येक खोल्यांना आता कामगारच उरलेले नाहीत. औद्योगिक क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ७५ डेसिबल आहे, निवासी भागापेक्षा पुष्कळ सैल. आणि यंत्रांच्या घरघरीशेजारी ड्रमची तक्रार करणार कोण? अशा खोल्यांपैकी एक-दोन तरी तासाला नाममात्र भाड्याने तालमीसाठी द्याव्यात. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज थांबतो असा या मुलांचा समज आहे. त्याने फक्त प्रतिध्वनी कमी होतो, आवाज बाहेर जातोच. आवाज अडवायला भिंतीला वजन लागते: दुहेरी दार, विटेची आतली भिंत, खिडकीवर जाड फळी. यांतले बरेचसे काम आपल्याच बांधकाम कामगार संघटनेतील गवंडी करू शकतील, आणि त्याचा खर्च एका मध्यम आकाराच्या अधिवेशनाच्या मंडपापेक्षा कमी येईल.

याच्या बदल्यात त्यांनी आपली पत्रके वाटावीत, मोर्च्यात वाजवावे, अशी अट कोणी सुचवील. ती घालू नये. मोर्च्यात वाजवायचे की नाही हे ते ठरवतील, आणि पहिल्या वर्षी बहुधा नाहीच म्हणतील. वेळ दुपारी दोन ते सहा ठेवावी, परीक्षांच्या महिन्यात शेजाऱ्यांना विचारून बदलावी, आणि विजेचे मीटर वेगळे घ्यावे. त्या ड्रमवाल्यांपेक्षा अ‍ॅम्प्लिफायरवाले बिल जास्त आणतात, आणि त्यावरून त्यांच्यात होणारी भांडणे आपल्या खजिनदाराला सोडवावी लागतील.